डोंगरवाल्याची फाइल

माझी आत्या सदतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये होती. तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. वर डॉक्टर माणसं बरी करत आणि खाली आत्या त्यांचे कागद जागेवर ठेवी. तिच्या मते दोन्ही कामं सारख्याच तोलाची होती. इस्पितळात तिला तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘इंडेक्सबाई’. दोन्ही नावं तिला ठाऊक होती आणि दुसरं तिला जास्त आवडायचं, हे तिने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

ती निवृत्त झाली आणि सहा महिन्यांत बाबांना झटका आला. बाबा तिचे धाकटे भाऊ. उजवा हात आणि बोलणं, दोन्ही एकदम गेलं. आई मी कॉलेजात असतानाच वारली होती, आणि मी चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायला जाणारी. आत्याने दोन बॅगा भरल्या, आमच्या घरी आली आणि पहिल्याच दिवशी आमचा औषधांचा डबा रिकामा करून पुन्हा लावला. सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्यात पुन्हा जेवणाआधी, जेवणानंतर. मी म्हटलं, “आत्या, अगं आधी चहा तरी घे.” ती म्हणाली, “चहा कुठे पळून जातोय?”

बाबांचं एके काळी व्हिडिओ गेमचं दुकान होतं. लांबट खोली, सहा टीव्ही, प्रत्येकासमोर एक मशीन आणि रेक्झिनचं बाक. शाळा सुटली की तिथे पाय ठेवायला जागा नसे. कोण कुठल्या टप्प्यावर अडकलंय, हे बाबांना गल्ल्यावर बसल्या बसल्या नुसत्या आवाजावरून कळायचं. पुढे ज्याच्या त्याच्या हातात फोन आला आणि दुकान बंद पडलं. मशीनं एकेक करून मेली. कॅसेटी मात्र, म्हणजे मशीनमध्ये खुपसायच्या त्या प्लॅस्टिकच्या जाडजूड पट्ट्या, दोन ट्रंकांत भरून बाबांनी पलंगाखाली सरकवून दिल्या होत्या.

झटक्यानंतर एक व्यायामवाली आठवड्यातून तीनदा घरी येऊ लागली. ती बाबांच्या हातात रबरी चेंडू द्यायची आणि दाबायला सांगायची. बाबा चेंडूकडे असे बघत, जणू तो त्यांचा सात जन्मांचा वैरी. एकदा त्यांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. मला नको तिथे हसायची वाईट सवय आहे, मी हसले. व्यायामवाली मात्र चिडली नाही. “चेंडूच पाहिजे असं नाही,” ती म्हणाली. “अंगठा हलला पाहिजे. त्यांना कशात गोडी आहे?”

म्हणून मी तो खटाटोप केला. एक हाताएवढा छोटा संगणक आणला, टीव्हीला जोडला आणि त्यात जुन्या मशीनांची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम टाकला, ज्याला एम्युलेटर म्हणतात. मग तीन रविवार बसून ट्रंकांतल्या सगळ्या कॅसेटी एका वाचकयंत्रात घालून त्यात उतरवल्या. एका कॅसेटीत अनेक गेम असत आणि तोच गेम तीन-तीन कॅसेटींवर निघे, म्हणून त्याच्या तीन-तीन प्रती झाल्या. नावं मी सुचतील तशी दिली. ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘डोंगर जुना’, ‘डोंगर चालू’, ‘हा नको’. सगळं एकाच फोल्डरमध्ये कोंबलं. चारशे बारा फायली.

‘डोंगर चालू’ हा बाबांचा गेम. टोपीवर दिवा लावलेला एक बुटका खाणकामगार डोंगर चढतो. एकंदर आठ शिखरं. दुकानातली पोरं त्याला ‘डोंगरवाला’ म्हणायची, कव्हरावर काय नाव होतं ते कुणीच कधी वाचलं नाही. चालायचं डाव्या अंगठ्याने आणि उडी मारायची उजव्या. बाबांचा उजवा अंगठा बटणावर न्यायलाच पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागली. उडी झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते आपण होऊन टीव्हीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले होते.

चार महिन्यांत बाबा सहा शिखरं चढले. शिखर सर झालं की संगणक तिथवरचा खेळ एका छोट्या फाइलीत जपून ठेवायचा, म्हणजे उद्या तिथूनच पुढे. सातव्याच्या पायथ्याशी पोचले, त्या आठवड्यात बाबांनी उजव्या हाताने कप उचलला. अर्धा चहा लुंगीवर सांडला आणि तरी आम्ही दोघी टाळ्या वाजवत उभ्या होतो.

आता आत्या. सकाळी बाबा टीव्हीसमोर बसले की ती मागे उभी राहून यादी खाली-खाली सरकताना बघायची. ‘नवीन’, ‘नवीन दोन’, ‘हा नको’. प्रत्येक नावाला ती चष्मा वर-खाली करायची. एके दिवशी ती मला म्हणालीच, “तुझ्या या ढिगाऱ्यात माणूस हरवेल गं.”

“मग लाव तू,” मी म्हटलं. “फक्त मला काही विचारू नकोस.”

तिने नवी वही आणली आणि दुपारी बाबा झोपले की कामाला बसू लागली. संगणक तिला नवा नव्हता, रेकॉर्ड रूममध्ये शेवटची दहा वर्षं तो होताच. तिने आधी मशीनप्रमाणे कप्पे केले: जुनं आठ बिटवालं, नंतरचं सोळा बिटवालं, हातात धरायचं. मग प्रत्येक कप्प्यात क्रमांक. रेकॉर्ड रूमच्या भिंतीवर तिनेच लावलेली पाटी होती, ‘एक रुग्ण, एक क्रमांक, एक फाइल’. त्याच न्यायाने एक गेम, एक क्रमांक, एक फाइल. प्रत्येक प्रत चालू करून बघायची, चित्र स्वच्छ असेल ती ठेवायची, बाकीच्या काढायच्या. ठेवलेल्या प्रतीचं जुनं नाव पुसून क्रमांक द्यायचा आणि वहीत नोंद करायची. चारशे बारांच्या एकशे त्रेसष्ट झाल्या. पंधरा दिवस लागले, आणि बाबांचा डोंगर तिने अगदी शेवटच्या दुपारी हाती घेतला. मला आतून जरा लाजच वाटली, कारण मी ते काम पंधरा वर्षांत केलं नसतं.

सोमवारी दहा वाजता बाबा खुर्चीत बसले. पडद्यावर रांगेत कप्पे, कप्प्यांत क्रमांक. बाबा डावा अंगठा फिरवत राहिले, त्यांना काही सापडेना. आत्या अभिमानाने पुढे झाली. “आठ बिट, एक्केचाळीस नंबर. दाब.” बाबांनी उजव्या अंगठ्याने दाबलं. खाणकामगार आला. पायथ्याशी उभा. वर अक्षरं आली: शिखर एक.

बाबांनी बंद करून पुन्हा लावलं. शिखर एक. तिसऱ्यांदा लावलं. मग हातातला बटणांचा कंट्रोलर खुर्चीच्या हातावर ठेवला. त्यांच्याकडे तेव्हा आठ-दहाच शब्द होते, त्यातला एक त्यांनी वापरला. “गेलं.” उठले, भिंत धरत पलंगावर गेले आणि तोंड फिरवून झोपले.

मी संगणक उघडून पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जपून ठेवलेला खेळ त्या-त्या गेमच्या नावाने साठतो. गेमचं नाव बदललं की तो छोटा तुकडा एकटा पडतो, त्याला धनी उरत नाही. तरी तो तिथे पडून असता तर परत जोडून दिला असता. पण तो फोल्डरच रिकामा होता.

“इथल्या फायली कुठे गेल्या?”

“काढल्या,” आत्या म्हणाली. “एकतीस होत्या. माझ्या वहीतल्या एकाही क्रमांकाशी जुळत नव्हत्या.”

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. तुझी ती रेकॉर्ड रूम घरात आणू नकोस, म्हणाले. माणूस म्हणजे कपाट नव्हे, म्हणाले. चार महिन्यांचा हात तू दोन मिनिटांत कचऱ्यात टाकलास, हेही म्हणाले. आत्या उभी राहून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, “परत आणता येतं का ते?”

“नाही.” दुसरी प्रत मी कधी काढूनच ठेवली नव्हती, हे मात्र मी बोलले नाही.

बाबांनी गेम सोडला आणि त्याबरोबर चेंडू, कप, सगळंच सोडलं. व्यायामवाली आली की हात पांघरुणात घेत. चौथ्या खेपेला तिने मला दाराबाहेर बोलावलं. “बोटं आत वळायला लागली आहेत,” ती म्हणाली. “आता महिनाभर असंच गेलं तर मूठ मिटेल. मिटलेली मूठ उघडणं फार कठीण जातं. काहीही करा, पण हात चालू करा.” मी दुकानात गेले आणि दिवसभरात तीन काचा फोडल्या.

त्या संध्याकाळी घरी आले तर आत्या टीव्हीसमोरच्या खुर्चीत. पाठ ताठ, चष्मा नाकावर, दोन्ही हातांत कंट्रोलर धरलेला, आणि तोही उलटा.

“काय चाललंय?”

“फाइल पुन्हा उभी करतेय,” ती म्हणाली. “आमच्याकडे फाइल हरवली की आम्ही रडत बसत नव्हतो. वॉर्डातून एक कागद, लॅबमधून एक कागद, असं करत पुन्हा बांधायचो. सातव्या शिखरापर्यंत नेऊन देते त्याला. पुढे तो जाईल.”

“आत्या, तुला टीव्हीचा रिमोट नीट येत नाही.”

“तो कुणी नीट लावून ठेवलेला नसतो, म्हणून.”

एकसष्ट वर्षांची बाई. आयुष्यात पत्त्याचा डावसुद्धा न खेळलेली. पहिल्या दिवशी तिचा खाणकामगार पहिल्याच खड्ड्यात छत्तीस वेळा पडला. दर वेळी ती त्याची माफी मागायची. उडी मारायची झाली की खुर्चीतून स्वतःच अर्धी उठायची. मांडीवर वही होतीच, तिच्यात ती बारीक अक्षरात लिहायची: ‘शिखर एक. चौथ्या दगडानंतर दोन पावलं मागे, मग उडी.’ बाबा त्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून. त्यांना पडदा दिसत नव्हता, पण आवाज सगळे ऐकू येत होते. खाणकामगार पडला की टुंग टुंग ठप्प असा आवाज होई. तो आवाज आमच्या घरात पाण्याच्या नळासारखा झाला.

पाच दिवसांत तिने पहिलं शिखर सर केलं, आणखी पाच दिवसांत दुसरं. मग तिसऱ्यावर अडकली. तिथे दरीवर एक फळी आहे, डावीकडून उजवीकडे सरकणारी. तिच्यावर उडी मारायची. फळी जवळ आली की आत्या उडी मारायची आणि दर वेळी दरीत. टुंग टुंग ठप्प. चार दिवस हेच.

रविवारी ती अंघोळीला गेली असताना मी तिची वही उघडली. फळीबद्दल तिने काय टिपलंय ते बघून काही मदत करता येईल का, एवढाच हेतू. पानं मागे गेली आणि मधलं एक पान लागलं. तिच्या रुळासारख्या सरळ ओळी. ‘बेवारस छोट्या फायली, एकतीस. भाचीला विचारलं. काढून टाक म्हणाली. काढल्या.’ खाली तारीख.

मला आठवलं. सकाळची घाई होती, एक चप्पल पायात आणि एक शोधत होते. ती मागून म्हणाली होती, “त्या छोट्या छोट्या फायली आहेत, कुणाच्याच नाहीत वाटतं, त्यांचं काय करू?” आणि मी वळूनसुद्धा न बघता म्हटलं होतं, “काढून टाक गं.” मी एवढं तोंड सोडलं, तेव्हा ती वही तिच्या काखेत होती. एकदाही तिने ती उघडून दाखवली नाही.

त्याच पानाच्या खाली दुसरी नोंद होती, त्या सोमवारची. रकाने आखलेले. ‘हरवलेली फाइल: डोंगर, सहा शिखरं पूर्ण, सातवं चालू. कुणाची: धाकट्याची. कुणाकडून हरवली: माझ्याकडून.’ शेवटचा रकाना ‘सापडली’ असा, आणि तो रिकामा.

ती अंघोळीहून आली तेव्हा मी वही धरूनच उभी होते. “तू मला विचारलं होतंस,” मी म्हटलं.

“हो.”

“मग त्या दिवशी बोलली का नाहीस?”

“विचारणं माझं काम, तपासणंही माझंच,” ती केस पुसत म्हणाली. “आणि तुझा बाप आजारी होता, तुला कुणावर तरी ओरडायचं होतं. सरक, मला बसू दे.”

मला रडू फुटलं. तिने टॉवेल माझ्याकडे फेकला आणि कंट्रोलर हातात घेतला. आता तो सुलटा धरायला ती शिकली होती. फळी आली, तिने उडी मारली. टुंग टुंग ठप्प. पुन्हा. पुन्हा. पलंगावर बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. जवळ जाऊन बघते तर ते हसत होते. दात दिसत होते, डोळ्यांतून पाणी, आणि आवाज नाही.

“हस, हस,” आत्या मागे न बघता म्हणाली. “लहानपणी मी सायकलवरून पडले तेव्हाही असाच हसला होतास.”

फळी पुन्हा आली. आत्या खुर्चीतून उठायला लागली, तेवढ्यात बाबा म्हणाले, “थांब.”

आत्या अर्धी उठलेली तशीच राहिली. फळी जवळ आली, टेकली, परत जायला निघाली. “जा...” बाबांचं तोंड शब्दाभोवती धडपडत होतं. “जा... ताना. आता!”

आत्याने दाबलं. खाणकामगार उडाला आणि त्याच दिशेने निघालेल्या फळीवर बरोब्बर उतरला. दुकानातल्या शेकडो पोरांना बाबांनी हेच सांगितलं असणार: फळी येताना नाही, जाताना उडी मारायची. आत्याला एवढा आनंद झाला की ती बटण सोडायलाच विसरली आणि खाणकामगार पुढच्या खड्ड्यात गेला.

“दे,” बाबा म्हणाले. भिंत धरत ते आले आणि आत्या खुर्चीतून उठली. त्यांचा उजवा अंगठा बटणावर ठेवायला तिला हाताने न्यावा लागला, इतका तो आखडला होता. पहिली उडी उशिरा झाली. पडले. दुसरीही. मागून आत्या म्हणाली, “जाताना, धाकट्या, जाताना.” बाबांनी तिच्याकडे असं काही बघितलं की व्यायामवालीचा चेंडू आठवला.

त्यानंतर कंट्रोलर पुन्हा बाबांकडेच राहिला. व्यायामवालीने बोटं एकेक करून ताणली, बाबा ओरडले, पण हात पांघरुणात नेला नाही. माझ्याकडून एक काम झालं: साठवलेल्या खेळाच्या तीन प्रती रोज तीन ठिकाणी निघतील अशी सोय केली. आत्या त्यातली पेन ड्राइव्हवरची प्रत घराच्या कागदांबरोबर लोखंडी कपाटात ठेवू लागली. क्रमांकांचंही तिने आपण होऊन बदललं. रोज जेवणानंतर ती बाबांसमोर एकेक गेम लावायची आणि विचारायची, “याला दुकानात काय म्हणायचे?” बाबा शब्द शोधत, कधी पाच मिनिटं. “पक्षी... वाला.” “टाकी... टाकीवाला.” जे नाव त्यांच्या तोंडून येई तेच ती फाइलीला देई आणि जपलेल्या तुकड्यालाही तेच. व्यायामवाली म्हणाली, बोलण्याचा असला व्यायाम मला सुचला नसता. आत्या म्हणाली, “व्यायाम कसला, इंडेक्स चाललाय.”

बाबा चौथं शिखर सर करून पाचव्यावर गेले तेव्हा मी आत्याला म्हटलं, “आता तो रकाना भरून टाक की.”

“सातवं आल्याशिवाय नाही. अर्धी फाइल म्हणजे फाइल नव्हे.”

“अगं, हात हलतोय, बोलणं आलंय, आणखी काय पाहिजे?”

“त्याचं जे होतं ते सगळं,” ती म्हणाली.

सहावं शिखर सर व्हायला आणखी अडीच महिने गेले. एका रविवारी मी स्वयंपाकघरात होते. आतून तो शिखर सर झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाबांची हाक. “ताई! वही!”

पडद्यावर अक्षरं होती: शिखर सात. आत्याने वही आणली, ते पान उघडलं, लाल पेन काढलं. हरवलेली फाइल सापडली की लालच वापरायचं, असा तिचा नियम होता. ती लिहायला वाकली आणि मग थांबली. वही तिने बाबांच्या मांडीवर ठेवली, पेन त्यांच्या उजव्या हातात दिलं. “तू लिही,” ती म्हणाली. “फाइल तुझी आहे.”

झटक्यानंतर बाबांनी एकही अक्षर लिहिलं नव्हतं. बँकेतसुद्धा अंगठा लावायचे. त्यांनी पेन मुठीत धरलं, मग सोडून बोटांत धरलं. ‘सा’ला तीन मिनिटं लागली. ‘प’ आडवा झाला. ‘ड’ खालच्या ओळीत उतरला आणि ‘ली’ रकान्याची रेघ ओलांडून पार पानाच्या कडेला गेली. सदतीस वर्षं एकही अक्षर रेघेबाहेर न जाऊ दिलेली आमची इंडेक्सबाई चष्मा काढून ते बघत राहिली. तिचा हात बाबांच्या पाठीवर होता.

बाबांनी पेन खाली ठेवलं. आत्याने नाक पुसलं, चष्मा लावला, पान जवळून पाहिलं आणि पेन उचलून पुन्हा त्यांच्या बोटांत दिलं.

“तारीख राहिली,” ती म्हणाली.